काडी, कासरा आणि उडी

२०२४ चा गुढीपाडवा मंगळवारी आला होता, ९ एप्रिलला. त्या दिवशी नगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात एका जुन्या विहिरीत मांजर पडलं. विहिरीला पाणी कधीचं उरलेलं नव्हतं. गोबरगॅसची मळी सोडायचा खड्डा म्हणून तिचा वापर चालला होता. मांजर काढायला एक जण उतरला. तो हाकेला ओ देईना, म्हणून दुसरा उतरला. त्याच्यामागून तिसरा, चौथा, पाचवा. रात्री उशिरापर्यंत मळी उपसून पाच मृतदेह वर काढावे लागले. आणखी एक जण उतरला होता, पण त्यानं कमरेला दोर बांधून घेतला होता. त्याला ओढून काढलं. तो वाचला.

दुसऱ्या दिवशी मथळे आले ते मांजराचे. मांजराला वाचवायला गेले आणि पाच जण मेले. चहाच्या टपरीवर पेपर वाचणारा माणूस चुकचुकला आणि म्हणाला, काय हा वेडेपणा, एका मांजरापायी! मीही तसंच म्हणालो असेन. नंतर ती बातमी पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं की मथळा खोटा नसला तरी पुरता खराही नाही. मांजरासाठी उतरला तो फक्त पहिला. दुसरा पहिल्यासाठी उतरला, तिसरा त्या दोघांसाठी. खाली आपलं माणूस पडलंय आणि वर आपण उभे आहोत, एवढंच त्या क्षणी प्रत्येकाला दिसत होतं. त्यात मांजर कुठेच नव्हतं.

त्यांना जे दिसत नव्हतं ते खाली साठलेलं होतं. शेण कुजतं तिथे मिथेन होतो, कार्बन डायऑक्साइड होतो आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड. हवेत प्राणवायू २१ टक्क्यांच्या आसपास असतो. तो १० टक्क्यांच्या खाली गेला की माणूस शुद्ध हरपतो, तीही न धडपडता. हायड्रोजन सल्फाइडचा कावा याहून वाईट. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि माणूस सावध होतो. प्रमाण वाढलं की तो आधी नाकच मारतो. वास गेला, म्हणजे गॅस गेला असं वाटतं, आणि पुढच्या काही श्वासांत माणूस कोसळतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, पाय घसरला, चक्कर आली, धरून बसवला की उठेल. म्हणून तो उतरतो. हे इतक्या ठिकाणी इतक्या वेळा घडलंय की अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य पाहणाऱ्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेनं १९८६ साली त्याबद्दल खास इशारा काढला: टाक्या, भुयारं, खड्डे अशा कोंडलेल्या जागी जे मरतात त्यांतले ६० टक्क्यांहून अधिक लोक मुळात कुणालातरी वाचवायला आत गेलेले असतात.

आमच्या आजोबांच्या पिढीला याची जाण होती. पडीक विहिरीचा गाळ काढायच्या आधी ते दोराला कंदील बांधून आत सोडत. कंदील विझला की त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. गोबरगॅसच्या खड्ड्यात मात्र हा कंदील सोडू नये, मिथेन पेटतो. जुनी युक्ती नव्या खड्ड्याला चालत नाही, आणि नवी युक्ती कुणी शिकवलेली नसते. मधल्या त्या पोकळीत माणसं मरतात.

*

धाडसाला बक्षीस देणारी जगातली एक मोठी संस्था अशाच एका खड्ड्यातून उभी राहिली. २५ जानेवारी १९०४ ला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हार्विक इथल्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला आणि १७९ माणसं गेली. सेल्विन टेलर हा अभियंता आणि डॅनियल लाइल हा खाणकामगार, दोघं वेगवेगळ्या वेळी मदतीला आत उतरले. स्फोटानंतर खाणीत जो विषारी वायू राहतो त्यानं दोघंही गेले. पोलाद उद्योगातले धनाढ्य अँड्र्यू कार्नेगी यांच्या मनाला ते लागलं आणि त्याच वर्षी त्यांनी ‘कार्नेगी हिरो फंड’ सुरू केला. दुसऱ्याचा जीव वाचवताना स्वतःचा जीव पणाला लावणाऱ्या साध्या नागरिकाला पदक, आणि तो मेला तर त्याच्यामागे राहिलेल्यांना आधार. आजवर दहा हजारांहून अधिक पदकं दिली गेली आहेत. त्यांतलं साधारण प्रत्येक पाचवं पदक मेलेल्या माणसाचं आहे.

या फंडाच्या नियमांतली एक अट मला फार बोलकी वाटते. स्वतःच्या मुलाला, भावाला, बायकोला वाचवणाऱ्याला सहसा हे पदक मिळत नाही. त्यात वाचवणारा स्वतः मेला किंवा जबर जखमी झाला तरच विचार होतो. म्हणजे घरच्यासाठी उडी मारणं हे त्यांनी धरूनच चाललेलं आहे.

आपल्याकडे बिरबलानं नेमकं उलट सिद्ध करून दाखवलं होतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. हौदात माकडीण आणि तिचं पिल्लू सोडलं. पाणी वाढत गेलं तसं तिनं पिल्लाला कडेवर घेतलं, मग खांद्यावर, मग डोक्यावर. पाणी नाकातोंडात जायला लागलं तेव्हा तिनं पिल्लाला पायाखाली घातलं आणि त्यावर उभी राहिली. बघा खाविंद, जिवापरतं काही प्रिय नाही. ही गोष्ट सांगताना मोठी माणसं डोळे मिचकावत आणि आम्ही पोरं गप्प होत असू. आज मला ती गोष्ट साफ चुकीची वाटते. दर पावसाळ्यात आणि दर उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्तमानपत्रात येणाऱ्या बातम्या काढून बघा. शेततळ्यात मुलगा पडला, आई उतरली, दोघं गेले. कपडे धुताना मुलीचा पाय घसरला, मावशी गेली, आत्या गेली. पोहता न येणारी बाई पोहता न येणाऱ्या पोरासाठी पाण्यात जाते, आणि पिल्लाला पायाखाली घेतल्याचं एकाही बातमीत सापडत नाही. बिरबलानं हौद बांधला, माकडीण आणली, पाणी सोडलं आणि वर काठावर बसून निष्कर्ष काढला. काठावरून असेच निष्कर्ष निघतात.

ऑस्ट्रेलियातल्या रिचर्ड फ्रँकलिन आणि जॉन पर्न या दोन संशोधकांनी मुलांना वाचवायला जाऊन बुडालेल्या मोठ्यांच्या नोंदी अभ्यासल्या आणि २०११ साली त्यावर निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थच ‘प्रेमापोटी बुडणं’ असा होतो.

*

आता माझं सांगतो. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पोळ्याचा दिवस. आमच्या गावाखाली नदीवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. त्याला सगळे नुसतं ‘केटी’ म्हणतात. पावसाळा असल्यानं बर्गे काढलेले होते आणि पाणी मोऱ्यांतून धडधडत खाली पडत होतं. खालच्या अंगाला बैल धुवायला माणसं जमलेली. दहा-अकरा वर्षांचं एक पोर बैलाच्या पाठीवरून घसरलं आणि मोरीच्या तोंडाशी गेलं. तिथलं पाणी फेसाळ पांढरं असतं, ते पुढे वाहून नेत नाही, फिरवून पुन्हा भिंतीकडे आणतं. पोर दिसायचं, नाहीसं व्हायचं, पुन्हा दिसायचं. ओरडत नव्हतं. मी भिंतीवर उभा होतो, पंधरा-वीस फुटांवर. मला पोहता येत होतं. चांगलं येत होतं. विहिरीत मी वरच्या कठड्यावरून सूर मारायचो.

मी उडी मारली नाही.

भीती वाटली असं म्हणावं तर तेही तितकंसं खरं नाही, कारण भीती आठवत नाही. आठवतात ते माझे पाय. अंगठ्यानं मी दगड घट्ट धरला होता आणि वरचं डोकं काहीतरी हिशेब करत होतं: पाणी फिरतंय, आत गेलो तर बाहेर कसा येणार, चप्पल काढावी का. चप्पल काढावी का, हा विचार मला आजही शरमेनं आठवतो.

तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरच्या एका म्हातारीनं बैलाचा कासरा सोडला, टोकाला पाणी आणायचा रिकामा पत्र्याचा डबा बांधला आणि फेकला. पहिल्यांदा डबा भिंतीवर आपटला. दुसऱ्यांदा पोराच्या पलीकडे पडला. ती ओरडत होती, “धर रं लेकरा, धर!” तिसऱ्यांदा त्यानं डबा छातीशी कवटाळला. मग चौघा-पाचांनी कासरा ओढला. त्यात मीही होतो. कासरा ओढताना माझ्या अंगात बारा रेड्यांचं बळ आलं होतं.

संध्याकाळी बैलांची मिरवणूक झाली, पुरणपोळ्या झाल्या. ओट्यावर कुणीतरी सहज विचारलं, “तुला तर पवायला येतं की रं?” त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच तो प्रश्न गेला नाही.

ज्यांनी मला पोहायला शिकवलं ते चुलतकाका तिथेच बसले होते. पाठीला डबा बांधून पोरं विहिरीत ढकलायची आणि वरून शिव्या द्यायच्या, ही त्यांची पद्धत. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. झोपायला जाताना म्हणाले, “उडी टाकली असतीस तर आज दोन ताट्या बांधायला लागल्या असत्या. म्हातारीचं बघ. तिनं पाण्यात पाऊल न्हाई घातलं.” हे सांत्वन होतं की निवाडा, ते मला तीस वर्षांत ठरवता आलेलं नाही. कारण दुसरी बाजू अशी, की कासऱ्याचा विचार मलाही सुचला असता. माझ्या शेजारीच बैल उभा होता. सुचला नाही. मी उडीचाच विचार करत होतो, मारायची की नाही मारायची. माझ्या डोळ्यांपुढे वाचवण्याचं एकच चित्र होतं आणि त्यात मी पाण्यात होतो.

*

बुडणारं माणूस हात हलवून हाका मारतं, हे सिनेमातलं. फ्रँक पिया या अमेरिकी जीवरक्षकानं बुडणाऱ्यांची चित्रफीत करून तिचा बारकाईनं अभ्यास केला. पाण्यात घाबरलेल्या माणसाचं तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्या वेळात श्वास घेणंही जेमतेम जमतं, मग ओरडणार कुठून? हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात. हे सगळं २० ते ६० सेकंद चालतं. पोर का ओरडत नव्हतं ते मला हे वाचल्यावर कळलं.

आणि तेच हात, जवळ कुणी आलं की त्याच्यावर चढतात. बुडत्याची मिठी म्हणतात ती ही. त्यात कृतघ्नपणा नाही, कपट नाही. ते शरीर शिडी शोधत असतं आणि जवळ आलेला माणूस म्हणजे शिडी. काका शिकवताना सांगत, बुडत्याच्या पुढ्यात जायचं नाही, मागून जायचं, केस धरायचे, आणि धरलंच त्यानं तर आपण खाली बुडी मारायची, तो आपोआप सोडतो. ‘पट्टीचा पोहणारा’ बुडाल्याची बातमी आपण अविश्वासानं वाचतो. तो पाण्यानं बुडालेला नसतो बहुधा. तो मिठीनं बुडालेला असतो.

आपली म्हण काय म्हणते? बुडत्याला काडीचा आधार. आपण ती हताशपणाला वापरतो, काडीनं काय होणार असल्या सुरात. जीवरक्षक शिकवणारे लोक जगभर जे सांगतात ते त्या म्हणीतच आहे: काडी द्या, गळा देऊ नका. काठी, ओढणी, लुगडं, ट्रॅक्टरची ट्यूब, झाकण लावलेला रिकामा कॅन, काहीही. आधी पुढे करा, नाही पोचलं तर फेका, आणि पाण्यात जाणं सगळ्यात शेवटी, तेही तरंगतं काही हातात असेल तर. तळेगावजवळ सुदुंबरे इथे ‘एनडीआरएफ’ची पाचवी तुकडी आहे. महाराष्ट्रात पूर आला, दरड कोसळली की तिचे जवान आपण टीव्हीवर पाहतो. अंगात लाइफ जॅकेट, डोक्याला हेल्मेट, बोटीला दोर. त्यांना कुणी भित्रे म्हणत नाही.

*

२०१४ साली डेव्हिड रँड आणि झिव्ह एप्स्टाइन यांनी कार्नेगी पदक मिळालेल्या ५१ जणांची बोलणी गोळा केली. हे लोक मुलाखतींत स्वतःच्या कृतीबद्दल काय बोलले ते तिऱ्हाइतांना वाचायला दिलं आणि विचारलं, या माणसानं विचार करून उडी मारली की आपसूक? बहुतेकांचं उत्तर ‘आपसूक’ असं आलं, आणि ज्यांना थोडा विचार करायला वेळ होता त्यांच्याही बाबतीत तसंच आलं. म्हणजे ज्याला आपण नैतिक पेच म्हणतो तो उडी मारणाऱ्याला बहुधा पडतच नाही. पेच काठावरच्या माणसाचा. माझ्यासारख्याचा.

याला एक अपवाद मला ठाऊक आहे आणि तो आपल्याच वांगणीचा आहे. १७ एप्रिल २०२१. मध्य रेल्वेच्या वांगणी स्थानकावर एक अंध आई आपल्या लहान मुलाचा हात धरून फलाटावरून चालली होती. मूल फलाटाच्या कडेवरून रुळांवर पडलं. समोरून उद्यान एक्स्प्रेस येत होती. आईला मूल कुठे आहे ते दिसत नव्हतं. ती जमीन चाचपत होती. मयूर शेळके हे पॉइंट्समन कामावर होते. ते रुळांमधून गाडीच्या दिशेनं धावले, मुलाला उचलून फलाटावर ठेवलं आणि स्वतः वर चढले. गाडी गेली ती त्यानंतर काही सेकंदांत. सीसीटीव्हीचं ते चित्रण देशभर फिरलं. शेळके यांनी नंतर जे सांगितलं ते मला त्या धावण्याइतकंच मोठं वाटतं. धावताना क्षणभर मनात आलं, ते म्हणाले, की आपलाही जीव जाऊ शकतो; तरी वाटलं, वाचवायला हवं. रेल्वेनं दिलेल्या ५० हजारांच्या बक्षिसातले निम्मे त्यांनी त्या मुलासाठी द्यायचं ठरवलं.

म्हणजे पेच पडला, आणि तो धावता धावता सोडवला. पण माझा अंदाज असा की तो क्षण त्यांच्याकडे आला तेव्हा ते रिकाम्या हातांचे नव्हते. येणारी गाडी किती अंतरात किती येते, फलाटाची कड किती उंच, रुळांत पाय कुठे ठेवायचा, हे रोजच्या कामानं त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. दुसरा कुणी असता तर कदाचित धावलाही असता आणि पोचलाही नसता. मला त्यांचं धैर्य कमी करायचं नाही. धैर्याच्या पोटात एवढं ज्ञान असतं, ते चित्रणात दिसत नाही, एवढंच म्हणायचंय.

पावनखिंडीची गोष्ट आपल्याला पाठ असते. १६६० साली बाजीप्रभू देशपांडे खिंडीत उभे राहिले ते कशासाठी आणि कुठवर, हे त्यांना ठाऊक होतं. विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत. परंपरेनं आपल्याकडे आलेल्या गोष्टीत तो तोफांचा संकेत आहे, आणि शाळेच्या नाटकात आम्ही तो सगळ्यात जोरात वाजवायचो. नेवाशाच्या विहिरीत उतरलेल्यांना असला कुठलाच संकेत नव्हता. खाली काय आहे हेच माहीत नव्हतं. त्यांचं बलिदान म्हणायला माझी जीभ अडखळते, वेडेपणा म्हणायला तर त्याहून.

ज्यांचं कामच वाचवायचं, त्यांच्याबाबतीत प्रश्न वेगळा होतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळा. जहाज आहे तिथेच बुडवावं की ओढून बाहेर समुद्रात न्यावं, हे ठरवणाऱ्यांचं ठरेना. बंबवाले पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या आठवणीसाठी देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली त्या रात्री डोंगर चढतानाच नवी मुंबईच्या अग्निशमन दलातले एक अधिकारी हृदयविकारानं गेले. या माणसांनी नोकरी पत्करतानाच एका अर्थी उत्तर दिलेलं असतं. म्हणून ठरवणाऱ्यांची जबाबदारी दुप्पट होते. गोदीतल्या ६६ जणांना धैर्य कमी पडलं नाही. कमी पडला तो दुपारचा एक निर्णय.

आणि गटारात उतरणारे? तिथे तर पेच हा शब्द वापरायचीच लाज वाटते. संरक्षक साधनांशिवाय मैला साफ करायला माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं बंद आहे. तरी एक उतरतो, पडतो, त्याला काढायला त्याचा भाऊ किंवा जोडीदार उतरतो. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१४ मध्ये अशा मृत्यूला १० लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. दुसऱ्या माणसाला जीव धोक्यात घालायची वेळ येते, कारण पहिल्याला यंत्राऐवजी उतरवलेलं असतं. कुणीतरी वाचवलेल्या पैशांचा हिशेब त्या दुसऱ्याच्या जिवानं चुकता होतो, आणि बातमीत तो शूर ठरतो.

*

कायदा काय सांगतो? फ्रान्समध्ये आणि जर्मनीत संकटातल्या माणसाला मदत न करणं हा गुन्हा आहे. मात्र दोन्हीकडे अट आहे की मदत करणाऱ्याला स्वतःला मोठा धोका नसावा. मरून दाखव, असं तिथला कायदाही म्हणत नाही. आपल्याकडे परक्याला वाचवलंच पाहिजे अशी सर्वसाधारण सक्ती नाही. उलट वाचवणाऱ्याला पोलिसांचा, कोर्टाचा जाच होऊ नये म्हणून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याला त्याचं रक्षण करावं लागलं. रस्त्यावर पडलेल्याला दवाखान्यात नेणारा आपल्या देशात इतकी वर्षं अपघाताला नव्हे, पंचनाम्याला भीत होता.

पदकं आपल्याकडेही आहेत. जीवन रक्षा पदकांची मालिका १९६१ पासून चालू आहे. मुलांसाठीचे शौर्य पुरस्कार सुरू झाले त्याची हकिगत तर सुंदर आहे: २ ऑक्टोबर १९५७ ला दिल्लीच्या रामलीला मैदानावर पंडित नेहरू बसलेले असताना शामियान्यानं पेट घेतला, आणि हरीशचंद्र मेहरा या चौदा वर्षांच्या स्काउटनं वर चढून आपल्या चाकूनं कापड कापून वाट मोकळी केली. त्याच्याकडे चाकू होता, हे मला त्या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पण जे वाचवायला जाऊन मेले आणि कुणाच्या नजरेत आले नाहीत, ते कुठे जातात? पोलिस ठाण्यात त्यांची नोंद ‘अकस्मात मृत्यू’ अशी होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात देशात ३८ हजारांहून अधिक माणसं बुडून मेल्याची नोंद आहे. तिचे पोटभाग असे: बोट उलटून, चुकून पाण्यात पडून, आणि इतर. वाचवायला उतरला आणि बुडाला, असा रकाना नाही. ती आई ‘इतर’मध्ये आहे, ती मावशी, ती आत्याही. ज्या मृत्यूला रकानाच नाही त्याचा विचार कोणत्या बैठकीत होणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. उडी मारावी की मारू नये, याचा निकाल काठावर लागत नाही. तिथे वेळ नसतो, आणि असला तरी माणूस चपलेचा विचार करतो. निकाल आधी, उन्हाळ्यात, निवांत असताना लावायचा असतो. शेततळ्याला कुंपण घालताना. गोबरगॅसच्या खड्ड्यावर जाळी टाकताना. विहिरीच्या कठड्याला दोर टांगायला खिळा ठोकताना. शेततळ्याला अनुदान मिळतं, प्लॅस्टिकला मिळतं. त्या गुळगुळीत प्लॅस्टिकवरून पाय घसरला तर वर यायला दोर मात्र ज्याचा त्यानं बांधायचा. कित्येक शेततळ्यांवर तो नसतो. पुढच्या वेळी शेतावर गेलात तर बघा.

त्या पोळ्यातलं पोर आता चाळिशीचं आहे, ट्रॅक्टर चालवतं, मला दादा म्हणतं. मी कासरा ओढणाऱ्यांत होतो एवढंच त्याला ठाऊक आहे. म्हातारी जाऊन बरीच वर्षं झाली. तिला पदक मिळालं नाही, कारण तिनं जीव धोक्यात घातला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी वर्गणी काढून गावातल्या तीन विहिरींवर ट्रॅक्टरची जुनी ट्यूब आणि दोर टांगला. देवळामागच्या विहिरीवरचा दोर आठवड्याच्या आत कुणीतरी म्हशीला बांधायला नेला. नवा आणून तो तारेनं जखडून ठेवलाय. विहीर अठरा हात खोल आहे, दोर पंचवीस हात.